पीळ

तार्तूमध्ये उणे एकोणीस.
एमायोगी नदी गोठलेली, आणि हवा इतकी कोरडी
की हेल्डुरच्या स्वेटरमधून ठिणग्या उडतात.
तो कुरकुरतो. मी खूश:
आज भार गळणार नाही.

तळघरात काचेच्या घुमटाखाली
एक तबकडी, माझ्या तळहाताहून जरा मोठी,
केसाहून बारीक क्वार्ट्‌झच्या धाग्याला टांगलेली.
काठावर अठरा पितळी गोळ्या,
मध्ये तांब्याचं वेटोळं,
त्याची बॅटरी त्याच्याच पाठीवर.
बाहेरून आत काही येत नाही, तारसुद्धा नाही.
आरशाचा कवडसा समोरच्या भिंतीवर
शून्याच्या रेघेवर बसलेला.

आधी वेटोळ्यात प्रवाह सोडला होता.
मग तबकडी धरून ठेवून
एकेका गोळीला भार दिला,
हेल्डुरच्या हाताने, कारण माझा हात कापतो.
मग सोडली. घुमट ठेवला.
कवडसा जागचा हलला नाही.
स्थिर भार आणि स्थिर चुंबक,
जिन्यात भेटूनही ओळख न देणारे शेजारी.

रात्री दोननंतर रस्त्यावरचे ट्रक थांबतात.
पावणेतीनला वेटोळ्यावरची कळ आपोआप सुटली,
प्रवाह ओसरला,
आणि कवडसा चालू लागला.
डावीकडे. घाई नाही,
कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

कोणी ढकललं?
वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
एका हाताने टाळी वाजत नाही, एवढं तरी पक्कं होतं.
इथे दोन्ही हात खिशात
आणि टाळी मात्र ऐकू आलेली.

हेल्डुर खोकला. "होतंच ते," म्हणाला.
"कुठे?"
त्याने गोळ्यांकडे बोट दाखवलं नाही, वेटोळ्याकडेही नाही.
दाखवलं मधल्या रिकामेपणाकडे,
जिथे पितळ संपलेलं असतं
आणि तांबं अजून सुरू झालेलं नसतं.
"भार देताना मी धरून होतो ना?
तेव्हाच ती फिरायला बघत होती. उलट्या अंगाने.
बोटाला कळू नये इतकीच.
तो वाटा मी घेतला.
तेवढाच, उलट्या दिशेचा, तिथे साठला."
आणि थर्मासमधली शेवटची कॉफी
मला न विचारता पिऊन टाकली.

फेब्रुवारीत त्याचा भाऊ वारला, एंडेल,
पेइप्सी सरोवराकाठी, बापाच्या घरात.
अकरा वर्षं बोलणं नव्हतं,
बापाच्या होडीवरून,
की होडी विकून आलेल्या पैशांवरून,
मला नीट कधी कळलं नाही.
अकरा वर्षं हेल्डुर जागचा हलला नव्हता:
हेच तळघर, राईची भाकरी, पत्र्याचा निळा डबा,
सुट्टीतही इथेच.
तिकडचं नाव निघालं तर मान खाली, डाग देणं चालू.

फोन आला तेव्हाही तो डागच देत होता.
ऐकलं. डागणी स्टँडवर ठेवली,
तिचं बटण बंद केलं,
आणि खुर्चीसकट हळूहळू वळला
पूर्वेच्या भिंतीकडे,
जिला खिडकी नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
पण सुंभ मुळात नसला तरी पीळ असतो,
दोन न बोलणाऱ्यांच्या मध्ये
कुणाच्याच मालकीचा नसलेला;
आम्ही तो मोजलाय.
तीन मिलिमीटर, चूक धरून थोडा कमी.

सकाळच्या बसने तो गेला.
प्रयोग पुन्हा करायचा होता, मी एकटीच.
प्रवाह सोडला, तबकडी डाव्या हाताच्या बोटाने धरली,
उजव्याने गोळ्या भरत गेले,
चौथी, पाचवी, नववी,
श्वास रोखून, त्या बोटाकडे सगळं लक्ष लावून.
काहीच कळलं नाही.
अठरावी झाल्यावरही
थोडा वेळ धरूनच राहिले.